ओळ संपते तिथे कॉर्नेट बोलतो : बेसी स्मिथची जुनी ध्वनिमुद्रणं कशी ऐकावीत

माझी मावशी गेली कित्येक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते. तिला मी एकदा अमेरिकी ब्लूज गायिका बेसी स्मिथनं गायलेलं 'सेंट लुईस ब्लूज' ऐकवलं. सुरुवातीला फक्त एक लांब स्वर येतो, आणि बेसी तोंड उघडायच्या आतच मावशी म्हणाली, "अगं, ही तर पेटी!" मग गाणं सुरू झालं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "तो मधेमधे पिपाणी कोण वाजवतोय? तिला गाऊ तर दे नीट." मी गाणं परत लावलं. या वेळी ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "नाही गं. तो मधे येतच नाहीये. ती थांबते तेव्हाच बोलतो तो."

पुढचं सगळं त्या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

ती पिपाणी म्हणजे कॉर्नेट हे पितळी वाद्य, आणि ते वाजवणारा होता लुई आर्मस्ट्राँग, वय २३. पेटीवर होता फ्रेड लाँगशॉ. तारीख १४ जानेवारी १९२५, ठिकाण न्यूयॉर्क, कंपनी कोलंबिया. त्या दिवशी या तिघांनी पाच गाणी ध्वनिमुद्रित केली. ब्लूज आणि जाझ ही दोन नावं आपण बहुतेक वेळा एका दमात घेतो, पण त्यांचं नातं नेमकं काय ते कळायला या पाच गाण्यांसारखी दुसरी शाळा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी ब्लूजचा साचा समजून घेऊ. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, असं ढोबळपणे सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण मुळात ब्लूज हा एक आकृतिबंध आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीचा जसा ठरलेला आकार असतो आणि त्यात प्रत्येक बाई आपलं सांगणं भरते, तसंच. ब्लूजचं एक कडवं बारा 'बार'चं. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. त्याचे तीन सारखे भाग करा, प्रत्येकी १६ मात्रांचे. त्रितालाचं एक आवर्तन म्हणजे एक ओळ, असं धरलं तरी हिशोब जमतो. ओळी तीन, पण पहिली आणि दुसरी बहुधा सारखीच. पहिल्यांदा म्हणायचं : मावळता सूर्य मला बघवत नाही. पुन्हा म्हणायचं : मावळता सूर्य मला बघवत नाही. मग तिसऱ्या ओळीत कारण सांगायचं : माझा माणूस हे गाव सोडून गेला.

तीच ओळ पुन्हा कशाला, असं नवख्याला वाटतं. उत्तर खालच्या स्वरांत आहे. पहिली ओळ षड्जावर उभारलेल्या स्वरसंगतीवर चालते. दुसऱ्या ओळीला शब्द तेच, पण खालची जमीन मध्यमावर सरकते. तिसरी पंचमावरून निघते आणि घरी, षड्जाला येते. त्यामुळे तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना त्याचा रंग बदललेला असतो. एखादी बाई दारात उभी राहून एक गोष्ट सांगते, आणि आत येऊन बसल्यावर तीच परत सांगते, तेव्हा ती दुसरीच वाटते ना, तसं.

आता महत्त्वाची गोष्ट. एका ओळीला १६ मात्रा मिळतात, पण शब्द नऊ-दहा मात्रांतच संपतात. उरलेल्या सहा-सात मात्रा रिकाम्या. ही मोकळी जागा साच्यातच ठेवलेली आहे. शेतात, चर्चमध्ये आफ्रिकी-अमेरिकी लोक गात, तेव्हा एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ही रीत होती. आपल्या भजनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी उचलतात, तीच गोष्ट. गाणारी एकटी राहिली तरी उत्तराची जागा तशीच शिल्लक राहिली. मैलोगणिक भटकणारा एकटा गायक ती जागा स्वतःच्या गिटारनं भरायचा. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ती जाझवाल्यांच्या हाती आली.

हिशोबच करून पाहा. 'सेंट लुईस ब्लूज' साधारण सव्वातीन मिनिटांचं आहे. त्यात बारा बारची तीन कडवी, आणि मधे सोळा बारचा एक वेगळा तुकडा. बारा बारच्या तीन कडव्यांत प्रत्येकी तीन, म्हणजे नऊ मोकळ्या जागा. लय इतकी संथ की प्रत्येक जागा पाचेक सेकंदांची. पाच सेकंद म्हणजे फार नव्हे. पण त्या पाच सेकंदांत काय बोलायचं हे ज्याला कळतं तो साथीदार.

आता पेटीकडे येऊ. लाँगशॉ एरवी पियानो वाजवायचा. त्या दिवशी 'सेंट लुईस ब्लूज' आणि 'रेकलेस ब्लूज' या दोन गाण्यांना तो हार्मोनियमवर बसला. काही समीक्षकांना तो आवाज कुबट, चर्चमधल्या जुन्या वाद्यासारखा वाटतो. मला उलट वाटतं की या ध्वनिमुद्रणाचा अर्धा जीव त्या पेटीत आहे. पियानोची पट्टी दाबली की स्वर जन्मतो आणि लगेच विरू लागतो. म्हणून पियानोवाला संथ लयीत मोकळीक भरायला हात चालवत राहतो. पेटीचा स्वर भात्यात हवा असेपर्यंत टिकतो. त्यामुळे बेसीला घाई करावी लागत नाही. तिच्या पायाखाली एक अखंड सतरंजी अंथरलेली असते आणि ती तिच्यावर सावकाश पावलं टाकते. संगीत नाटकांच्या ऑर्गनची ज्यांना सवय आहे, त्यांना हा भरीव, धरून ठेवणारा स्वर ओळखीचा वाटेल. वाद्याचं कुळ एकच आहे : हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या.

पेटीवर आपल्याकडे एक जुना आक्षेप आहे : तिचे स्वर पक्के बांधलेले, तिच्यात मींड नाही, दोन स्वरांमधल्या जागा नाहीत. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० पासून कित्येक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. ब्लूजमध्येही नेमकी हीच अडचण आहे. ब्लूजचा सगळा दर्द ज्या स्वरात आहे, तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी असतो. निषादाचंही तसंच. हे स्वर पियानोवर किंवा पेटीवर नाहीत. पियानोवाले शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास निर्माण करतात. पण गळ्याला तो स्वर सहज लागतो, आणि ओठांनी वाजणाऱ्या पितळी वाद्यालाही. ट्रोंबोनला तर पुढेमागे सरकणारी नळीच असते, म्हणजे मींड वाद्यातच आली. म्हणून बेसीसोबत कॉर्नेट आणि ट्रोंबोन इतके शोभतात. बेसी गंधार किंचित खाली खेचते, आणि पाठोपाठ कॉर्नेट तोच गंधार तसाच खेचून दाखवतो. पेटी खाली सरळ उभी असते, म्हणूनच वरचं वाकणं कानात भरतं.

कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा आखूड, थोडा गोल आवाजाचा भाऊ. आर्मस्ट्राँग तेव्हा तोच वाजवायचा.

ही गाणी तुम्ही पहिल्यांदा लावाल तेव्हा आवाज दूरवरून, खरखरीतून येतो. त्याचंही कारण सांगायला हवं. जानेवारी १९२५ मध्ये स्टुडिओत मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर यायचा. गायिकेनं त्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं. आवाजाच्या लाटांनी कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा, त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर चर कोरायची. विजेचा संबंध नाही. आपल्याकडे १९०२ मध्ये गौहरजान ज्या पद्धतीनं कलकत्त्यात गायली, तीच ही पद्धत. यात मिश्रण करायचं तंत्र एकच : मोठ्या आवाजाच्या वाद्याला मागे उभं करायचं. ड्रम आणि बास नीट उमटायचेच नाहीत, म्हणून या ध्वनिमुद्रणांत ठेका धरणारं वाद्य सहसा दिसत नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. दुसरी संधी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून गाणं.

अशा कर्ण्यासमोर टिकायला आवाज कमावलेलाच हवा. बेसीचा होता. टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावात ती जन्मली. आईबाप लहानपणीच गेले. भावाबरोबर ती रस्त्यावर गाऊन पैसे मिळवायची. १९१२ च्या सुमारास ती एका फिरत्या मंडळीत लागली, जिथे मा रेनी ही तिच्याहून मोठी गायिका होती. पुढची दहा वर्षं तंबूत आणि नाट्यगृहात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं गाणं. ध्वनिमुद्रणाची दारं मात्र तिला सहज उघडली नाहीत. १९२० मध्ये मेमी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ला तुफान यश मिळालं (दोघींचं आडनाव एक, नातं काही नाही), आणि काळ्या गिऱ्हाइकांसाठी काळ्या गायिकांच्या तबकड्या काढायची कंपन्यांमध्ये स्पर्धा लागली. तरीही बेसीचा आवाज फार रांगडा आहे म्हणून तिला नाकारलं गेलं, असं सांगतात. फेब्रुवारी १९२३ मध्ये कोलंबियानं तिला घेतलं. पहिलं प्रकाशित गाणं 'डाउनहार्टेड ब्लूज'. सहा महिन्यांत सुमारे ७ लाख ८० हजार प्रती खपल्याचा आकडा सगळीकडे दिला जातो. कंपनी त्या काळात डबघाईला आलेली होती, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचं वजन कळतं. बेसीला मात्र प्रत्येक गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळायची. खपावर रॉयल्टी नाही.

तिच्याकडे रोख पैसा असायचा, हे खुद्द आर्मस्ट्राँगनं सांगितलंय. शंभर डॉलरची नोट मोडून हवी म्हणून त्यानं विचारलं, तर बेसीनं सरळ झग्याची पुढची बाजू वर केली. आत सुतार बांधतात तसा खिशांचा अॅप्रन होता, आणि त्यात नोटा.

मग हे जाझवाले तिच्याकडे आले कुठून? बहुतेक जण एकाच घरचे : फ्लेचर हेंडरसनच्या ऑर्केस्ट्राचे. हेंडरसन स्वतः रसायनशास्त्र शिकलेला, न्यूयॉर्कला त्या क्षेत्रात जम बसेना म्हणून संगीतात आलेला. त्याच्या घरचं वळण अभिजात पियानोचं, ब्लूज त्याला शिकावा लागला. गायिका एथेल वॉटर्सनं आत्मचरित्रात लिहिलंय की, तिला हवी तशी साथ यावी म्हणून तिनं त्याला पियानोवादक जेम्स पी. जॉन्सनचे पियानो-रोल (पियानो आपोआप वाजवणाऱ्या, भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या) ऐकायला लावले. १९२४ च्या शरदात याच ऑर्केस्ट्रात शिकागोहून आर्मस्ट्राँग आला. रात्री नाचाच्या दालनात वाजवायचं आणि दिवसा स्टुडिओत जाऊन गायिकांना साथ करायची, असा या मंडळींचा दिनक्रम होता.

आता 'सेंट लुईस ब्लूज' जवळून ऐकू. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीनं १९१४ मध्ये छापलेलं हे गाणं. सुरुवातीला प्रस्तावना नाही, नुसता पेटी आणि कॉर्नेटचा एक धरलेला सूर. बेसी सुरू होते. ती चाल फार फिरवत नाही, उलट थोड्याच स्वरांत बांधून घेते, आणि मग त्या थोड्या स्वरांना वाकवते, लांबवते, शब्दाला वजन देते. ओळ संपते. आता आर्मस्ट्राँग. त्याचं पहिलं उत्तर तिच्या शेवटच्या शब्दाला टेकूनच निघतं. पुढच्या ओळीला तो वेगळं बोलतो. नऊ जागांत त्यानं तेच वाक्य दोनदा वापरलेलं मला तरी सापडलं नाही. मधल्या सोळा बारच्या तुकड्यात, जिथे हिऱ्याच्या अंगठ्या घालणाऱ्या सेंट लुईसच्या बाईबद्दल तक्रार आहे, तिथे हँडीनं मुळात टँगोसारखा ठेका घातला होता. बेसीनं तो सोडून दिला आणि तीच संथ चाल ठेवली. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. ठेका आला असता तर गाणं नाचाकडे वळलं असतं.

आर्मस्ट्राँगचं वाजवणं ऐकून कुणी म्हणेल की साथीदार जरा जास्तच बोलतोय. हा आक्षेप जुना आहे, आणि बेसीला त्याच्यापेक्षा जो स्मिथ हा कॉर्नेटवाला अधिक आवडायचा असंही सांगतात. (हा तिसरा स्मिथ, याचंही नातं नाही.) फरक समजायला १९२४ चं 'वीपिंग विलो ब्लूज' लावा. जो स्मिथचा स्वर मऊ, गोल. बेसी बोलली की तो मान डोलावतो, तिच्याच वाक्याचा शेवट हळूच पुढे नेतो. आर्मस्ट्राँग तिच्याशी बरोबरीनं बोलतो, कधी कधी वादच घालतो. सुखाची साथ हवी असेल तर जो स्मिथ. पण मला दोन मोठी माणसं एका खोलीत ऐकायला आवडतात, म्हणून मी १४ जानेवारीकडेच परत जाते.

'वीपिंग विलो ब्लूज'मध्येच ट्रोंबोनवर चार्ली ग्रीन आहे. तो मोकळ्या जागेत कण्हतो, गुरगुरतो, कधी चक्क थट्टा करतो. बेसीनं १९२७ मध्ये 'ट्रोंबोन चॉली' नावाचं गाणंच त्याच्यावर गायलं, आणि त्यात ट्रोंबोन वाजवायला तोच होता. साथीदाराचं कौतुक गाण्यातूनच करायचं, आणि त्यानं ते समोर उभं राहून वाजवत ऐकायचं! आपल्याकडे गवई तबलजीला भर मैफलीत दाद देतो, तिची आठवण होते.

पियानोवाल्यांत माझ्या लेखी सगळ्यात वर जेम्स पी. जॉन्सन. १७ फेब्रुवारी १९२७ ला त्यानं आणि बेसीनं 'बॅक वॉटर ब्लूज' केलं. दोघंच. पाच दिवस पाऊस लागून राहिलाय, आभाळ रात्रीसारखं काळं झालंय, घरात पाणी शिरलंय, होडीतून नेलं जातंय. इथे जॉन्सनचा डावा हात ऐका. खालच्या पट्ट्यांवर तो सतत गडगडत राहतो, आणि ओळ संपली की ते पाणी चढतं. इथे मोकळ्या जागेत उत्तर देणारं माणूस नाही, पूर आहे. ध्वनिमुद्रण झाल्यावर दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, मिसिसिपीचे बांध फुटले आणि लाखो लोक बेघर झाले. गाणं आधीचं होतं, पण लोकांनी ते त्या पुराचंच मानलं.

१९२५ सालात परत एकदा जाऊ, कारण त्या वर्षात एक गोष्ट अशी घडली की तुमच्या कानाला आपोआप कळेल. कोलंबियानं विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आणलं, म्हणजे मायक्रोफोन आला. मे महिन्यात बेसी नव्या यंत्रासमोर उभी राहिली. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओत छतापासून तंबू टांगला होता, आणि काम चालू असताना तो गायिका-वादकांच्या अंगावर कोसळला, अशी हकिगत आहे. तंबूत वाढलेल्या गायिकेला तंबूनंच गाठलं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला आर्मस्ट्राँग आणि ती पुन्हा भेटले, 'केअरलेस लव्ह ब्लूज'साठी. जानेवारीचं 'रेकलेस ब्लूज' आणि मेचं 'केअरलेस लव्ह' पाठोपाठ लावा. तीच गायिका, तोच कॉर्नेट, मधे चारच महिने. पण पहिल्यात ती भिंतीपलीकडून ऐकू येते, दुसऱ्यात खोलीत येते.

साच्याबाहेरचं एक गाणंही ऐकायला हवं. मे १९२९ मधलं 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट', एड ॲलनच्या कॉर्नेटसह. हे बारा बारचं ब्लूज नाही. पैसा असताना मित्र होते, आता कोणी ओळख देत नाही, एवढाच विषय. दुसऱ्यांदा ध्रुवपदाला येताना बेसी काही शब्द टाकूनच देते आणि नुसती गुणगुणते. मोकळी जागा आता ओळीच्या शेवटी न राहता ओळीच्या पोटातच आली, आणि ती कॉर्नेटला न देता तिनं स्वतःच भरली. ऑक्टोबरमध्ये वॉल स्ट्रीट, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार, कोसळला.

मंदीनं तबकड्यांचा धंदा बसवला आणि कोलंबियानं १९३१ मध्ये बेसीला सोडलं. शेवटची चार गाणी तिनं २४ नोव्हेंबर १९३३ ला केली, ध्वनिमुद्रणं घडवून आणणाऱ्या जॉन हॅमंडच्या आग्रहावरून. सोबत ट्रोंबोनवर जॅक टीगार्डन, सॅक्सोफोनवर चू बेरी, आणि एका गाण्यात क्लॅरिनेटवर बेनी गुडमन. आता लय हलती आहे, स्विंगकडे, म्हणजे नाचायच्या जाझकडे झुकलेली. वादक तिच्या भोवती सतत वाजत असतात, थांबून उत्तर देत नाहीत. ती जोमात आहे, पण ती पाच सेकंदांची शांतता गेलेली आहे.

तीन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, याच गुडमनच्या वाद्यवृंदाबरोबर एक १८ वर्षांची मुलगी आयुष्यातलं पहिलं गाणं ध्वनिमुद्रित करायला आली. बिली हॉलिडे. आपल्याला बेसीचा भरदार आवाज आणि आर्मस्ट्राँगचा भाव हवा होता, असं ती पुढे सांगायची. तिचा आवाज बेसीच्या निम्म्यानंही मोठा नव्हता, पण आता मायक्रोफोन होता. २५ जानेवारी १९३७ ला ती आणि सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग पहिल्यांदा स्टुडिओत एकत्र आले. ती ओळ सोडते, तो उचलतो, तो सोडतो, ती उचलते. बेसी तेव्हा हयात होती, दौऱ्यांवर गात होती. आणखी आठ महिन्यांनी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ ६१ नंबरच्या रस्त्यावर तिच्या मोटारीला अपघात झाला.